पिकलेले तोडण्याआधी बांध मोजा

सीमाप्रश्नाच्या पुढच्या फेरीसाठी चीनला जाणाऱ्या भारताच्या विशेष प्रतिनिधींना, त्यांच्यामागे फायली घेऊन बसणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि या सर्वांना पाठवणाऱ्या सरकारला हा जाहीर इशारा आहे. सीमेचा एखादा तुकडा सुटा काढून त्यावर घाईने सही करू नका. अण्वस्त्रांचा प्रश्न आणि पाकिस्तानला होणारी शस्त्रविक्री दाराबाहेर ठेवून सीमेच्या बैठकीला बसू नका. आणि संसदेला अंधारात ठेवून जे काही ठरवून याल, ते देशाला मान्य आहे असे समजू नका.

हे आताच बजावायला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत अजित डोवाल आणि वँग यी यांच्यात विशेष प्रतिनिधींची चोविसावी फेरी झाली. तिच्यानंतर निघालेल्या निवेदनात एक शब्द होता : ‘अर्ली हार्वेस्ट’. सीमानिश्चितीत जे लवकर पदरात पडण्याजोगे आहे ते आधी उरकता येते का, हे पाहायला तज्ज्ञांचा गट नेमायचे ठरले. पंचविसावी फेरी चीनमध्ये व्हायची आहे. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली, आणि सुगीची आठवण करून देणारा तो साधासुधा शब्द वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत गेला. तो रद्दीत जाऊ देता कामा नये. पिकाची ही भाषा आपण याआधी एकदा ऐकली आहे आणि तिची जबर किंमत मोजली आहे.

३१ डिसेंबर १९५३ रोजी पेकिंगमध्ये तिबेटसंबंधीच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सुरुवातीलाच मेख मारून ठेवली होती : सोडवण्याइतके पिकलेले प्रश्न आधी सोडवू. आपल्या शिष्टमंडळाने मान डोलावली. सीमेचा विषय आपण होऊन काढायचा नाही, हे दिल्लीत आधीच ठरले होते. चीन मॅकमहोन रेषेबद्दल काही बोलत नाही, म्हणजे त्याची हरकत नाही, असा अर्थ राजदूत पणिक्कर यांनी लावला होता आणि तो वर मान्य झाला होता.

या मौनाची भीती वाटणारा एक माणूस तेव्हा मुंबईत होता. गिरिजाशंकर बाजपेयी परराष्ट्र खात्याचे महासचिव होते आणि १९५२ मध्ये मुंबई राज्याचे राज्यपाल होऊन आले होते. मलबार हिलवर राहून ते समारंभांच्या फिती कापत बसले नाहीत. त्यांनी दिल्लीला लिहिले की, ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या ज्या व्रणांबद्दल चीनला राग आहे, त्यांत मॅकमहोन रेषाही असू शकेल. तेव्हा सीमेबाबत गप्प राहणे धोक्याचे आहे. त्यांना मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ एवढाच होता, की धोरण ठरले आहे. डिसेंबर १९५४ मध्ये, राज्यपालपदावर असतानाच ते वारले. तोवर करार होऊन गेला होता.

त्या कराराचा जमाखर्च प्रत्येक वाटाघाटकर्त्याने पाठ करावा. २९ एप्रिल १९५४ रोजी आपण यातुंग आणि ग्यान्त्से इथल्या आपल्या लष्करी तुकड्या काढून घ्यायचे कबूल केले. तिबेटमधली डाक, तार आणि दूरध्वनीची व्यवस्था देऊन टाकली. बारा विश्रामगृहे दिली. तिबेट हा चीनचा प्रदेश आहे, हे करारनाम्याच्या नावातच लिहून दिले. बदल्यात पंचशीलाची पाच तत्त्वे मिळाली आणि शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा, लिपुलेख या सहा खिंडींची नावे मिळाली. व्यापारी आणि यात्रेकरू या खिंडींतून जातील, एवढेच तिथे लिहिले होते. खिंडींची नावे आली म्हणजे तिथली हद्द मान्य झाली, असे आपण आपल्या मनाशी ठरवले. चीनने तसे कुठेही म्हटले नव्हते. तीन महिनेही झाले नव्हते तोच, १७ जुलै १९५४ रोजी, त्याच नीती खिंडीजवळच्या बाराहोतीत भारतीय सैनिक का आहेत, असा निषेध चीनने नोंदवला. सीमा ठामपणे दाखवणारे नवे नकाशे काढा, अशी टिप्पणी पंतप्रधान नेहरूंनी लिहिली तीसुद्धा त्याच जुलैमध्ये, म्हणजे सही झाल्यावर. करार आठ वर्षांचा होता. जून १९६२ मध्ये तो संपला, आणि २० ऑक्टोबरला काय झाले ते सांगायला नको.

गावाकडे जमिनीत वाढलेल्या माणसाला हे समजायला परराष्ट्र खात्याच्या फायली लागत नाहीत. बांध कोरणारा शेजारी त्याने पाहिलेला असतो. नांगरटीला दरवर्षी वीतभर आत यायचे, दगड हलवायचा नाही, दगडाभोवतीची माती तेवढी ओढून घ्यायची. आमच्या वडिलांच्या वाट्याला असा शेजारी आला होता. बांधाचा वाद पेटला तेव्हा तो फार समजूतदारपणे म्हणाला, गाडीवाटेचे आधी मिटवू, बांधाचे मग निवांत बघू. वाटेची निकड आमची होती. ऊस बाहेर काढायचा होता. वडिलांनी सही केली. त्या कागदावर वाटेची चतुःसीमा लिहिताना पूर्वेला त्या शेजाऱ्याचा बांध, तो त्या दिवशी जिथे होता तिथे, लिहिला गेला. पुढे मोजणी आणली, भूकरमापकाने हद्द दाखवली, ती बांधाच्या पलीकडे अडीच हात निघाली. पण समोरच्याने तो जुना कागद पुढे केला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवले. वडील त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. वाद त्या ओळीपाशी संपला होता.

आता सिक्कीमकडे या. लवकर उरकता येईल असा तुकडा म्हणून चीन काही वर्षांपासून सिक्कीम-तिबेट सीमेचाच आग्रह धरून आहे. सुमारे २२० किलोमीटरची ही सीमा १८९० च्या ब्रिटन-चीन कराराने आखलेली. ही तर दोघांना मान्यच आहे, मग नवा कागद करायला हरकत कसली, असे वरवर वाटते. मान्य आहे ते पाणलोटाचे तत्त्व. तिस्तेकडे पाणी नेणारा उतार आपला, मोचूकडे नेणारा पलीकडचा. पण त्याच करारात ही रेषा जिपमोची शिखरापासून सुरू होते असेही लिहिले आहे, आणि जमिनीवरचा उंच पाणलोट तिथे सुरू होत नाही. भारत आणि भूतान यांच्या मते भारत, भूतान आणि चीन यांचा तिठा उत्तरेला बतांग ला इथे आहे. चीन म्हणतो, तो दक्षिणेला जिपमोचीला आहे. या दोन ठिकाणांच्या मधल्या टापूचे नाव डोकलाम. २०१७ मध्ये आपले सैनिक तिथे ७३ दिवस चिनी सैनिकांसमोर उभे होते, कारण चीनचा रस्ता जांफेरीच्या कड्याकडे निघाला होता आणि त्या कड्यावरून सिलिगुडीची चिंचोळी पट्टी नजरेच्या टप्प्यात येते. ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी ही पट्टी तिच्या सर्वांत अरुंद जागी जेमतेम २२ किलोमीटर रुंद आहे.

म्हणजे सिक्कीमच्या नव्या कागदावर ‘१८९० च्या करारानुसार’ असे तीन निरुपद्रवी दिसणारे शब्द गेले आणि तिठ्याचा उल्लेख राहून गेला, तर ती गाडीवाटेच्या कागदावरची पूर्वेची ओळ ठरेल. त्रिदेशीय सीमाबिंदू तिसऱ्या देशाशी सल्लामसलत करूनच ठरतील, अशी समजूत २०१२ मध्ये दोन्ही विशेष प्रतिनिधींमध्ये झालेली आहे. ती समजूत नव्या मसुद्यात अक्षरशः, ठळकपणे, पहिल्या परिच्छेदात आली नाही, तर सही होता कामा नये. भूतानला बाजूला ठेवून भूतानच्या उंबरठ्यावरची रेघ ओढायचा अधिकार आपल्याला नाही. लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करायचे त्याच ऑगस्टमध्ये ठरले आणि लगेच नेपाळने हरकत घेतली, हे तरी ध्यानात ठेवा. शेजाऱ्यांना न विचारता केलेली घाई शेजाऱ्यांना आपल्यापासून दूर ढकलते आणि चीनला तेच हवे असते.

दुसरे असे, की सोपे तुकडे आधी सुटले की अवघड तुकडे एकटे पडतात. ३८ हजार चौरस किलोमीटरचा अक्साई चीन आणि चीन ज्यावर हक्क सांगतो तो सुमारे ९० हजार चौरस किलोमीटरचा अरुणाचल एका तराजूत तोलायचे, तर सगळा व्यवहार एकत्रच व्हावा लागेल. २००५ च्या करारात दोन्ही देशांनी तसे लिहूनही दिले आहे. त्याच कराराच्या सातव्या कलमात सीमेलगत वस्ती करून राहिलेल्या लोकांच्या हिताचे रक्षण करू, असे म्हटले आहे. तवांग आपल्याकडे राहील याची ती हमी आहे, असे आपण समजलो. दोन वर्षांत चीनने सांगून टाकले, की नुसती वस्ती आहे म्हणून आमच्या दाव्यात फरक पडत नाही. लेखी कलमाची ही गत, तर तोंडी आश्वासनांची काय होणार? माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी चिनी वाटाघाटींच्या पद्धतीवर आख्खे पुस्तक लिहिले आहे. ते वाचलेला नाही असा एकही अधिकारी त्या विमानात नको.

अण्वस्त्रांविषयी आपले धोरण लेखी आहे. पहिला वापर करणार नाही, ही भूमिका सरकारने ४ जानेवारी २००३ रोजी अधिकृतपणे जाहीर केली. चीननेही १६ ऑक्टोबर १९६४ च्या आपल्या पहिल्या स्फोटाबरोबर तशीच घोषणा केली होती. दोन शेजारी, दोघांकडे अण्वस्त्रे, दोघांची घोषणा सारखी, तरी या विषयावर चीन भारताशी बरोबरीच्या नात्याने बोलायला तयार होत नाही. त्यासाठी तो ६ जून १९९८ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक ११७२ पुढे करतो, ज्यात भारत आणि पाकिस्तानने आपले अण्वस्त्र कार्यक्रम थांबवावेत असे म्हटले आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये चीनकडे किमान ६०० अण्वस्त्रे होती, भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे सुमारे १७०. चीनचा साठा एका वर्षात शंभरेकाने वाढला. ज्या देशाशी आपला सीमावाद आहे, त्याच्या या वाढीबद्दल एक शब्द न बोलता यात्रा, विमानसेवा आणि व्यापारी खिंडी यांवर समाधान मानून परत येणार असाल, तर तयारी झालेली नाही.

अणुपुरवठादार देशांच्या गटाचा इतिहासही सोबत न्या. ६ सप्टेंबर २००८ रोजी व्हिएन्नात भारताला सवलत मिळाली, ती चीनच्या शेवटच्या क्षणापर्यंतच्या अडथळ्यांतून. २०१६ मध्ये सोलच्या बैठकीत भारताचे सदस्यत्व चीनने अडवले, ते आजतागायत अडलेले आहे. कारण काय, तर भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. पाकिस्ताननेही केलेली नाही. तरी त्याच्या चश्मा इथे एकामागून एक चिनी अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, पाचवीचे काम डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, आणि कराचीत दोन मोठ्या भट्ट्या चालू आहेत. हा प्रश्न टेबलावर मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र एक गोष्ट टेबलावर कधीही ठेवू नका : पहिला वापर न करण्याचे आपले धोरण. ते कुणाला धमकी म्हणून दाखवायचे नाही आणि कुणाला बक्षीस म्हणून द्यायचे नाही. तो या देशाने स्वतःशी केलेला निर्णय आहे. तो बदलायचा किंवा पक्का करायचा तर इथे, उघड चर्चेने.

आता शस्त्रांकडे. मे २०२५ मध्ये, पाकिस्तानशी झालेल्या संघर्षाच्या वेळी, पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यात एका शेतात चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष पडले. लोक भोवती जमले होते. हिरव्या पिकात लांब पांढरट नळकांडे, त्याच्या अंगावर छापील खुणा. सीमाप्रश्न आणि शस्त्रविक्री हे वेगळे विषय आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी ते छायाचित्र समोर ठेवावे. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत पाकिस्तानने आयात केलेल्या मोठ्या शस्त्रास्त्रांपैकी ८१ टक्के चीनची होती, आणि चीनच्या एकूण शस्त्रनिर्यातीपैकी ६३ टक्के एकट्या पाकिस्तानला गेली, हे सिप्रीचे आकडे. भारताचे उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले, की त्या संघर्षात चीन पाकिस्तानला आपल्या हालचालींची माहिती त्या-त्या क्षणी पुरवत होता. आपल्या लष्कराचा एवढा वरिष्ठ अधिकारी असे उघड बोलतो, आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या पाहुण्यांबरोबरच्या निवेदनात त्याचा मागमूस नसतो. हे खपवून घेता येणार नाही.

आणि हे फक्त पंजाब-काश्मीरचे दुखणे नाही. चीनकडून पाकिस्तानला आठ हांगोर वर्गाच्या पाणबुड्या मिळायच्या आहेत, चार चीनमध्ये बांधलेल्या आणि चार कराचीत. त्या हिमालयात फिरणार नाहीत, अरबी समुद्रात फिरणार आहेत. मुंबई हायचे तेलफलाट, तारापूरची अणुभट्टी, जवाहरलाल नेहरू बंदर, पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत रात्री समुद्रात असणाऱ्या मासेमारी नौका, सगळे त्याच पाण्यावर आहे. लडाखची चर्चा ही मराठी माणसाला दूरची वाटण्याचे दिवस गेले.

व्यापाराचा फास कसा आवळला जातो, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहन उद्योगाचे धाबे दणाणले. नाशिकच्या द्राक्षबागांना लागणारी विद्राव्य खते मोठ्या प्रमाणात तिथूनच येतात. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. अडवलेला माल सोडण्याची मेहेरबानी हा वाटाघाटीतला त्यांचा मोबदला असेल आणि जमिनीवरची रेषा हा आपला, तर असा सौदा करून परत येऊ नका. बागायतदार एक हंगाम सोसेल. गेलेला कडा परत येत नाही.

कड्याची गोष्ट मी उगाच काढत नाही. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. त्यानंतर ऑगस्टच्या शेवटी आपल्या सैन्याने पँगाँगच्या दक्षिणेला कैलास रांगेतली रेझांग ला, रेचिन ला, मगर टेकडी, गुरुंग टेकडी ही ठाणी रातोरात ताब्यात घेतली. खाली मोल्डोतला चिनी तळ स्पष्ट दिसत होता. २०२० पासून आपल्या हातात आलेले ते सर्वांत भारी नाणे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवरच्या माघारीच्या बदल्यात ते मोडले. डेपसांगमधल्या अडलेल्या गस्तीचा विषय त्याच व्यवहारात बांधला असता तर? तो तसाच लोंबकळत राहिला आणि डेपसांग-डेमचोकच्या गस्तीचा समझोता व्हायला २१ ऑक्टोबर २०२४ उजाडला. जवानांनी गोठवणाऱ्या थंडीत मिळवलेले नाणे कुठे, कधी आणि किती गोष्टींच्या बदल्यात मोडायचे, याचा हिशेब आधी कागदावर मांडणे, यालाच वाटाघाटीची तयारी म्हणतात.

माघारीच्या समझोत्यांनी तयार झालेल्या, दोन्ही सैन्यांना मज्जाव असलेल्या मोकळ्या पट्ट्या आपल्याच गुराख्यांच्या चराऊ जमिनीवर पडल्या. जानेवारी २०२४ मधले एक चित्रण पाहा. लडाखमधल्या काकजुंगजवळ थंडीने पिवळ्या पडलेल्या माळावर मेंढपाळ उभे आहेत, समोर चिनी सैनिक आणि त्यांच्या गाड्या. ही आमच्या वाडवडिलांची चराई आहे, असे हे मेंढपाळ त्यांना ओरडून सांगतात, मागे हटत नाहीत, एक-दोघे खाली वाकून दगड उचलतात. त्यांच्याजवळ दुसरे काही नाही. जानेवारी २०२३ मध्ये लेहच्या पोलीस अधीक्षकांनीच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात लिहिले होते, की काराकोरम खिंडीपासून चुमूरपर्यंतच्या ६५ गस्तबिंदूंपैकी २६ ठिकाणी आपला वावर राहिलेला नाही. त्यांतल्या आज किती ठिकाणी गस्त जाते? मेंढपाळाला कुठपर्यंत जाता येते? मे २०२० च्या आधी होती तशी स्थिती कुठे आली आणि कुठे नाही? या प्रश्नांना सरकारने सरळ उत्तर दिलेले नाही.

शब्द जपून वापरा, हेही बजावून ठेवतो. १९ जून २०२० च्या सर्वपक्षीय बैठकीनंतर, आपल्या हद्दीत कुणी घुसलेले नाही, अशा अर्थाचे विधान पंतप्रधानांकडून आले. त्याचा हेतू काहीही असो. मग गलवानची झटापट त्यांच्या हद्दीत झाली, असे म्हणायला चीनला आपणच जागा दिली आणि दुसऱ्या दिवशी खुलासा करत बसलो. १९५४ चे सरकार एका पक्षाचे होते, २०२० चे दुसऱ्याचे. चूक एकाच जातीची आहे, म्हणून हा इशारा कुठल्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात वाचू नये.

आता कायद्याचे. भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितले. बांगलादेशाशी वस्त्यांची अदलाबदल करताना २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली ती याचमुळे. पण एक पळवाट आहे, आणि ती सामान्य वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. कच्छच्या रणाचा लवाद १९६८ मध्ये अंशतः पाकिस्तानच्या बाजूने लागला, तेव्हा त्याविरुद्ध याचिका झाल्या. याचिकाकर्त्यांत आपले मधु लिमयेही होते. १९६९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की वादग्रस्त सीमेची निश्चिती करणे म्हणजे प्रदेश देऊन टाकणे नव्हे, त्यामुळे तिथे घटनादुरुस्तीची गरज नाही. ‘अर्ली हार्वेस्ट’च्या निवेदनातला शब्द ‘सीमानिश्चिती’ हाच आहे. म्हणजे उद्या दोन अधिकाऱ्यांनी आखलेली रेघ संसदेच्या पायरीलाही न शिवता कायम होऊ शकते.

म्हणून पंचविसाव्या फेरीची तारीख जाहीर होईल त्या दिवसाच्या आत सरकारने या गोष्टी करायच्या आहेत. सीमेचा कोणताही तुकडा, कोणत्याही नावाने, संसदेत मांडून मतदान घेतल्याशिवाय अंतिम होणार नाही, असे लेखी वचन दोन्ही सभागृहांत द्यायचे. २०२० पासून आजपर्यंतच्या गस्तबिंदूंची, मोकळ्या पट्ट्यांची आणि बंद झालेल्या चराईची श्वेतपत्रिका काढायची. लष्करी गुपिते झाका, पण गावांची नावे झाकू नका. चुशूल, डेमचोक, तवांग आणि उत्तर सिक्कीममधल्या निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींना बोलावून, त्यांचे ऐकून घेऊन मगच मसुदा पुढे न्यायचा. भूतानची लेखी संमती हातात असल्याशिवाय तिठ्याच्या जवळपासही जायचे नाही. विषयपत्रिकेवर चीनची अण्वस्त्रवाढ आणि पाकिस्तानला होणारा शस्त्र व माहितीचा पुरवठा हे दोन विषय नावानिशी हवेत. चीनने ते काढायला सांगितले तर फेरीच पुढे ढकला. आणि १९६२ च्या पराभवाची कारणे तपासणारा, १९६३ मध्ये सादर झालेला, आजही सरकारी कुलपात असलेला हेंडरसन ब्रुक्स अहवाल प्रसिद्ध करा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, याचा अभिमान आपण साठ वर्षे सांगतो. त्या हाकेची वेळ का आली, हे सांगणारा कागद मात्र त्याच सह्याद्रीच्या लोकांना सरकारने अजून वाचायला दिलेला नाही.

हे झाले नाही, तर काय होईल तेही ऐका. महाराष्ट्रातल्या ४८ लोकसभा खासदारांपैकी प्रत्येकाला, तो कोणत्याही बाकावर बसत असो, त्याच्या मतदारसंघात उभे करून विचारले जाईल की सिक्कीमच्या मसुद्यात तिठ्याचे वाक्य होते की नव्हते, आणि तुम्ही ते वाचले होते का. माहितीच्या अधिकारात अर्ज जातील. नाकारले गेले तर अपिले होतील. संसदेला वगळून सही झाली, तर १९६९ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले जाईल. आणि त्या कागदाला या देशातल्या नागरिकांची संमती नव्हती, ती मागितली गेली होती आणि सरकारने ती घेतली नाही, ही नोंद आम्ही तारखेनिशी करून ठेवू. चीनच्या प्रतिनिधींनीही ती आधीच वाचावी.

उत्तर तोंडी नको, निवेदनातल्या गोल वाक्यातही नको. सभागृहात, लेखी, विमान सुटण्याआधी हवे.